गैरहजेरीत केलेल्या खुनाबद्दल आभार

प्रति,
श्रीमान मायकेलराव मायर्स यांचे सेवेशी,
मु. पो. हॅडनफील्ड, राज्य इलिनॉय.

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपल्या हातून किती जण गेले याचा हिशेब ठेवणारे भाविक जगभर आहेत. कोणाला सुरी, कोणाला टेलिफोनची वायर, कोणाला उकळतं पाणी, असा तपशीलवार जमाखर्च ते मांडतात. त्या यादीत एक नोंद मात्र कायम राहून जाते. ती राहू नये म्हणून हा पत्रप्रपंच. 1982 च्या ऑक्टोबरात आपण एका अख्ख्या सिनेमाचा खून केलात. तोही त्या सिनेमात काम न करता. घटनास्थळी नसताना केलेला हा खून आपल्या कारकिर्दीतला सर्वांत सफाईदार, आणि त्याबद्दल आजवर कोणी आपला साधा सत्कारही केला नाही याचं वाईट वाटतं.

मयताचं नाव 'हॅलोविन 3: सीझन ऑफ द विच'.

आपली ओळख करून देण्याची खरं तर गरज नाही, पण पत्र उघडं आहे, चार माणसं वाचणार. तेव्हा त्यांच्यासाठी थोडक्यात. आपण 1978 साली जॉन कार्पेंटर यांच्या 'हॅलोविन'मधून अवतरलात. सव्वातीन लाख डॉलरांत उरकलेल्या त्या सिनेमाने एकट्या अमेरिकेत सुमारे 4 कोटी 70 लाख कमावले. सहाव्या वर्षी थोरल्या बहिणीला भोसकून मनोरुग्णालयात गेलेला मुलगा पंधरा वर्षांनी पळतो आणि मोटार चालवत थेट आपल्या गावी पोचतो. रुग्णालयात ड्रायव्हिंग कोणी शिकवलं, हे कोणालाच ठामपणे सांगता आलेलं नाही. असो. तो सिनेमा थोर आहे. हे वाक्य मी उपरोधाने लिहिलेलं नाही. पत्रातलं तेवढं एक सरळ समजावं.

1981 च्या दुसऱ्या भागाबद्दलही आभार मानायला हवेत. त्याची पटकथा बिअरच्या आधाराने कशीबशी रेटली, हे कार्पेंटर यांनीच नंतर सांगून टाकलं. त्या रेटारेटीत पहिल्या भागात आपल्या तावडीतून सुटलेली लॉरी ही आपली सख्खी धाकटी बहीण असल्याचा शोध लागला. शेवटी त्या बहिणीने आपल्या दोन्ही डोळ्यांत गोळ्या घातल्या आणि आपले मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर लूमिस यांनी स्वतःसकट आपल्याला पेटवून दिलं. सामान्य माणसाच्या बाबतीत एवढ्यावर तेरावं घालतात. कार्पेंटर आणि त्यांच्या सहनिर्मात्या डेब्रा हिल यांचाही तसाच भाबडा समज झाला.

म्हणून त्यांनी एक बेत आखला, आणि तो कोणालाही आवडावा असा होता. 'हॅलोविन' हे नाव कायम ठेवायचं, पण दर वर्षी नवी गोष्ट, नवी माणसं, नवं भय. आपल्याकडे दिवाळी अंक निघतो तसं: मुखपृष्ठावरचं नाव तेच आणि आतला मजकूर दर वर्षी नवाकोरा. 31 ऑक्टोबरच्या रात्रीशी संबंध असला की पुरे. अशा अंकाच्या संपादकाला वाचकांनी 'गेल्या वर्षीचीच कथा परत छापा, नाहीतर पैसे परत करा' असं पत्र पाठवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पण तो चमत्कारही आपल्या कृपेने घडायचा होता.

पहिली पटकथा लिहायला बोलावलं ब्रिटनच्या नायजेल नील यांना. 'क्वाटरमास'चे हे जनक, जुन्या दगडधोंड्यांतून विज्ञानकथा उकरून काढण्यात हातखंडा असलेला माणूस. निर्मितीच्या ओघात रक्तपात वाढत गेला तसे ते वैतागले आणि त्यांनी श्रेयनामावलीतून आपलं नाव काढून घेतलं. तरी त्यांचा दगड सिनेमात राहिला. तोही साधासुधा नव्हे, स्टोनहेंजचा.

आता गोष्ट ऐका. आपण ती पाहिली नसेल. आपण नसलेले सिनेमे आपले चाहते पाहत नाहीत, तर आपण कशाला पाहाल?

कॅलिफोर्नियातल्या एका इस्पितळात रात्री एक घाबरलेला म्हातारा दाखल होतो. हातात लहान मुलांचा भोपळ्याचा मुखवटा, आणि तो काही केल्या सोडत नाही. थोड्या वेळाने कोट-टाय घातलेला एक शांत गृहस्थ आत येतो, म्हाताऱ्याला मारतो, हातमोजे पुसतो, बाहेर जाऊन आपल्या गाडीत बसतो आणि स्वतःला पेटवून घेतो. किंकाळी नाही, की धावाधाव नाही. आपण सुरी घेऊन झुडपामागे उभे राहता त्यापेक्षा मला या गृहस्थाची जास्त भीती वाटली, हे नम्रपणे नमूद करतो. राग नसावा.

म्हाताऱ्याची मुलगी एली आणि इस्पितळातले डॉक्टर चॅलिस माग काढत सांता मीरा नावाच्या गावात पोचतात. गावाचं नाव 1956 च्या 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स'मधून उचललेलं. जाणकारांनी तिथेच सावध व्हावं. तिथे 'सिल्व्हर शॅमरॉक' ही मुखवट्यांची कंपनी आहे. चेटकीण, कवटी, भोपळा असे तीनच नमुने, पण देशभरातल्या पोरांना वेड लावलेलं. टीव्हीवर त्यांची जाहिरात अखंड चालू असते, 'लंडन ब्रिज'च्या चालीवर, उरलेले दिवस मोजत. सिनेमा संपला तरी ती चाल डोक्यातून जात नाही. तो संगीताचा दोष नाही. बेतच तसा आहे.

कंपनीचे मालक कॉनल कॉक्रन म्हणजे आयरिश आजोबा. गोड बोलणं, पांढरे केस, पोरांवर माया. डॅन ओ'हर्लिही यांनी ही भूमिका इतक्या मजेत केली आहे की खलनायक कोण हे कळूनही आपण त्यांच्याकडे चहा प्यायला जाऊ. बुन्वेल यांच्या 'रॉबिन्सन क्रूसो'साठी ऑस्करचं नामांकन मिळवलेला हा नट. मुखवट्याशिवाय भीती दाखवायची तर चेहऱ्याने काम करावं लागतं, हे त्यांना येत होतं. आपल्यावर तशी वेळ कधी आली नाही.

कॉक्रन यांचा बेत असा. स्टोनहेंजचा एक प्रचंड दगड चोरायचा, त्याचे कण प्रत्येक मुखवट्याच्या मागच्या चकतीत बसवायचे. हॅलोविनच्या रात्री नऊ वाजता टीव्हीवर 'मोठ्या बक्षिसा'ची घोषणा होईल, तेव्हा सगळ्या पोरांनी मुखवटा घालून पडद्यासमोर बसायचं. पडद्यावर भोपळा लुकलुकला की चकती जागी होणार आणि मुखवट्याच्या आतलं डोकं सडून त्यातून किडे आणि साप बाहेर पडणार. हे नुसतं बोलून दाखवलेलं नाही. कारखान्यात बडदास्त ठेवलेल्या एका पाहुण्या कुटुंबावर आधी चाचणी होते. दिवाणखान्यासारखी सजवलेली खोली, सोफ्यावर आई-बाप, टीव्हीजवळ हौसेने मुखवटा घातलेला मुलगा, आणि बाहेर नोंद घेणारे तंत्रज्ञ. 1982 साली लहान मुलांना विकायच्या वस्तूंच्या जाहिरातींबद्दल इतकं थेट बोलणारा दुसरा भयपट मला तरी आठवत नाही.

आणि आता आपल्याला सुखावणारा तपशील. नऊच्या त्या घोषणेआधी पोरांना पडद्यासमोर खिळवून ठेवायला टीव्हीवर एक सिनेमा लावलेला असतो. कोणता? आपलाच, 1978 चा. एका बारमधल्या टीव्हीवर त्याची जाहिरात झळकते आणि शेवटी खुर्चीला बांधलेल्या चॅलिससमोरही तोच चालू असतो. म्हणजे महाराज, तिसऱ्या भागात आपण नव्हता हा चाहत्यांचा आरोपच खोटा. होतात की! कॉक्रनने गळाला लावलेलं आमिष म्हणून होतात. 'मायकेल कुठे आहे' म्हणत थिएटरात हटून बसलेला प्रेक्षक आणि पडद्यावर मायकेल बघत नऊ वाजायची वाट पाहणारं पोर यांच्यात फरक एवढाच की थिएटरातल्याने तिकीट काढलं होतं.

यापुढचं लिहिताना माझा हात जरा थरथरतो, पण आभार तर पुरे मानायला हवेत. हा सिनेमा दिग्दर्शित केला टॉमी ली वॉलेस यांनी. पहिलाच प्रयत्न. ओळखलंत? पहिल्या भागाच्या वेळी पैसे नव्हते तेव्हा दुकानातून 'स्टार ट्रेक'च्या कॅप्टन कर्कचा दोन डॉलरांच्या आतला रबरी मुखवटा आणून, डोळ्यांची भोकं मोठी करून, वर पांढरा रंग मारून ज्यांनी आपल्याला तोंड दिलं, तेच हे वॉलेस. ज्याने आपल्याला चेहरा दिला त्याच्या पहिल्यावहिल्या सिनेमाचा गळा आपण घोटलात. दिग्दर्शक म्हणून त्यांनी निवडलेला विषय तरी बघा: एक माणूस लोकांना मुखवटा विकतो आणि तो मुखवटाच त्यांचा घात करतो. सिनेमा पाहून बाहेर पडलेले लोक काय म्हणाले? 'मुखवटा कुठे आहे? आम्हाला तोच हवा.' कॉक्रनची यापेक्षा चांगली जाहिरात सिल्व्हर शॅमरॉकलाही जमली नसती.

हिशेबाचंही बोलू, म्हणजे उपकाराचं नेमकं वजन कळेल. अडीच दशलक्ष डॉलरांत झालेल्या या सिनेमाने अमेरिकेत सुमारे 1 कोटी 44 लाख कमावले. दुसऱ्या भागाच्या मानाने हे फारच कमी, म्हणून त्याच्यावर 'पडला'चा शिक्का. मग सहा वर्षांनी आपली स्वारी वाजतगाजत परतली. चौथ्या भागाला दुप्पट खर्च करून सुमारे 1 कोटी 77 लाख मिळाले. मधल्या काळात तिकिटं महागली होती हे आपल्या मानासाठी विसरू. पाचव्यात आपण पहिल्यापासून शेवटपर्यंत जातीने हजर होतात आणि गल्ला सुमारे 1 कोटी 16 लाखांवर थांबला. म्हणजे ज्यात आपण नव्हता तो पडला, आणि त्याच्यापेक्षा कमी कमावूनही ज्यात आपण होता तो मात्र 'मालिकेचा भाग' ठरला. हे गणित कोणत्या शाळेत शिकवतात? बहुधा आपल्याला गाडी शिकवली तिथेच.

तिसऱ्या भागात खोट नाही असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. शीर्षकात चेटकीण आहे आणि सिनेमात ती फक्त रबराची आहे. चॅलिस आणि एली यांचं प्रेम ज्या वेगाने जमतं त्या वेगाने आमच्याकडे रिक्षादेखील जमत नाही. अमेरिकेत घड्याळं एका वेळी नऊ दाखवत नाहीत, तेव्हा पूर्वेकडची पोरं मेल्यावर पश्चिमेकडच्या आईबापांनी टीव्ही बंद केला नसता का, याचं उत्तर कॉक्रनकडे नाही. एवढा दगड समुद्रापलीकडून आणला कसा, हे तर तो हसण्यावारी नेतो. हे सगळं चाहत्यांनी चाळिशी लावून शोधून काढलं. हेच चाहते आपल्या बाबतीत उदार. दोन्ही डोळे गोळ्यांनी फुटून, जळून कोळसा होऊन तुम्ही पुढच्या भागात दहा वर्षांच्या बेशुद्धीतून उठलात आणि नेम धरून वार करू लागलात, तेव्हा कोणी हूं का चूं केलं नाही.

त्या परतीचं शीर्षकही फार बोलकं होतं: 'द रिटर्न ऑफ मायकेल मायर्स'. पुन्हा गैरसमज नको म्हणून नाव पाटीवरच. कार्पेंटर आणि हिल तोवर बाजूला झाले होते. निर्माते मुस्तफा अक्काद यांनी दुकान पुढे चालवलं, आणि दुकानदाराला गिऱ्हाईक मागतं ते द्यावं लागतं, त्यात त्यांचा काय दोष? मग 1989 मध्ये तुमचा सूड आला, 1995 मध्ये तुमच्यावर प्राचीन पंथाचा शाप निघाला. दगडांत लपलेली जुनी केल्टिक जादू तिसऱ्या भागात हास्यास्पद ठरली होती. पाचव्यात तीच तुमच्या मनगटावर गोंदून आली आणि सहाव्यात पौराणिक झाली. 1998 मध्ये बहिणीने तुमचं मुंडकं उडवलं. 2002 मध्ये खुलासा आला की ते तुमचं नव्हतंच, मुखवटा चढवलेल्या एका बिचाऱ्या रुग्णवाहिका-कर्मचाऱ्याचं होतं. एकदा 2007 मध्ये रॉब झॉम्बी यांनी तुम्हाला परत जन्माला घातलं. 2018 मध्ये मधलं सगळं रद्द झालं, बहिणीचं नातंही रद्द. सख्खी बहीण एका भागात सापडते आणि सदतीस वर्षांनी हरवते. आमच्या मालिकांनाही एवढं साधत नाही.

या सगळ्या भाऊगर्दीत दर वर्षीची नवी गोष्ट कुठे गेली ते विचारू नका. ती 1982 मध्येच पुरली. मतकरींच्या आणि धारपांच्या भयकथांवर पोसलेल्या माझ्यासारख्या वाचकाला हे दुःख जरा जास्त होतं. कारण पान उलटताना पुढचं भय कुठल्या दारातून येईल ते माहीत नसणं, यासाठीच तर आम्ही रात्री दिवा लावून ठेवायचो. तुमच्या सिनेमात ते दार ठरलेलं असतं. कपाटाचं.

अर्थात मेलेलं सगळंच तुमच्याकडून नीट मरतं असं नाही. व्हिडिओ कॅसेटी आल्या, टीव्हीवर रात्रीचे खेळ लागले, आणि ज्यांना तुम्ही कोण हेच ठाऊक नव्हतं अशी पोरं हा सिनेमा तुमच्याविना, तुमची वाट न पाहता पाहू लागली. त्यांना त्यात डीन कंडी यांचे रुंद, काळोखे, निळसर छायाप्रकाश दिसले. कार्पेंटर आणि ॲलन हॉवर्थ यांचं सिंथेसायझरचं थंडगार संगीत ऐकू आलं, जे काहींच्या मते (त्यात मीही) तुमच्या सुप्रसिद्ध पियानोपेक्षा सरस आहे. मुख्य म्हणजे शेवट दिसला. चॅलिस पेट्रोल पंपावरून फोनवर गयावया करतो, जाहिरात थांबवा म्हणतो. एक चॅनेल बंद होतं, दुसरंही होतं. तिसऱ्यावर ती चालूच राहते, तो ओरडत राहतो आणि सिनेमा संपतो. बहीण वाचली, खुनी खिडकीतून पडला, असलं दिलासा देणारं काही नाही. 2012 पर्यंत स्क्रीम फॅक्टरीने त्याची संग्राह्य आवृत्ती काढण्याइतका तो सन्मान्य झाला. त्या तीन मुखवट्यांच्या प्रतिकृतीही आता विकल्या जातात आणि लोक हौसेने घेतात. कॉक्रन असता तर त्याने चकती तपासून पाहिली असती.

तुमच्याच घरातही घुसखोरी झाली. 2018 च्या भागात रस्त्यावरच्या पोरांच्या डोक्यावर सिल्व्हर शॅमरॉकचे मुखवटे आहेत. 2022 च्या 'हॅलोविन एंड्स'ची श्रेयनामावली तर तिसऱ्या भागाच्याच निळ्या अक्षरांत येते. आणि बघा कसा योग: बरोबर चाळीस वर्षांनी त्या सिनेमानेही तोच गुन्हा केला. गोष्ट कोरी नावाच्या एका भलत्याच पोराला दिली आणि तुम्हाला बराच वेळ गटारात बसवून ठेवलं. लगेच तोच गलका: मायकेल कुठे आहे? तुमचे भक्त चाळीस वर्षांत तसूभर बदलले नाहीत, याचंही श्रेय तुम्हालाच.

तेव्हा विनंती एकच, आणि तीही हात जोडून. पुढे कधी कोणी निर्माता नव्या भागाचा करार घेऊन आला, तर मानधन घ्या, नाव लावा, पोस्टरवर सुरी धरून उभेही राहा. मात्र चित्रीकरणाच्या दिवशी रजा टाका. कारण काहीही लिहा, पाठदुखी लिहा. इतक्या वेळा पडलेल्या माणसावर कोणी संशय घेणार नाही. एकदा तुमच्याशिवाय काय होतं ते बघू. एकदा बघितलं होतं, तेव्हा फार चांगलं झालं होतं.

कळावे. लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.

आपला,
तिसऱ्या भागाचा एक वारस

ता. क. उत्तराची घाई नाही. सवडीने पोस्टाने पाठवलंत तरी चालेल. समक्ष येऊन देण्याचा आग्रह नसावा.